जुनी मोटार : दोष वयाचा की हेळसांडीचा?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि ती भरली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून बरेच स्मरणरंजन झाले. कुर्ल्याचा कारखाना, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि मोटार मिळावी म्हणून वर्षानुवर्षे पाहावी लागलेली वाट यांची पुन्हा एकदा उजळणी झाली. परंतु टॅक्सी गेली म्हणजे पद्मिनी गेली असे नव्हे. खासगी मालकीच्या पद्मिनी, काही ॲम्बॅसडर आणि पहिल्या पिढीतल्या मारुती ८०० आजही महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावी फिरताना दिसतात. त्यांचे मालक सगळेच शौकीन श्रीमंत असतात असे समजण्याचे कारण नाही. वडिलांनी घेतलेली मोटार चालते आहे तोवर दुसरी कशाला घ्यायची, असा साधा हिशेब करणारा निवृत्त शिक्षक किंवा कारकूनही त्यांत असतो.

अशा मालकाला आज दोन प्रकारचे सल्ले ऐकावे लागतात. पहिला असा की, ही मोटार पेट्रोल पिते आणि धूर ओकते. ती भंगारात घाला आणि नवी घ्या. दुसरा असा की, हा ऐतिहासिक ठेवा आहे. तो झाकून ठेवा आणि वर्षातून एकदा मिरवणुकीला काढा. दोन्ही सल्ल्यांत एक समान गृहीतक आहे. जुनी मोटार रोज चालवणे आणि काटकसरीने चालवणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतक तपासून पाहण्याची गरज आहे. जुन्या मोटारीच्या पेट्रोलखर्चातला काही भाग तिच्या आराखड्यातच आहे, तो टळणारा नाही. परंतु बराच भाग हेळसांडीचा आहे, आणि तो कमी करणे मालकाच्या, मिस्त्रीच्या व काही अंशी सरकारच्या हातात आहे.

गणित दिसते तसे नाही

आपल्याकडे मोटारीची प्रतिष्ठा ‘ॲव्हरेज’वर ठरते. लिटरमागे किती किलोमीटर, हा प्रश्न सोयरिकीच्या चौकशीइतक्याच गांभीर्याने विचारला जातो. परंतु या आकड्यात एक चकवा आहे. समजा, एक गृहस्थ महिन्याला ७५० किलोमीटर मोटार चालवतात आणि त्यांची जुनी मोटार लिटरला १० किलोमीटर जाते. त्यांना महिन्याला ७५ लिटर पेट्रोल लागेल. मोटारीची नीट निगा राखून हा आकडा १२ वर आणला, तर तेवढ्याच अंतराला साडेबासष्ट लिटर पुरतील. म्हणजे साडेबारा लिटरची बचत झाली. आता शेजाऱ्यांची नवी मोटार लिटरला १८ किलोमीटर जाते आणि त्यांनी ती २० वर नेली असे धरा. वाढ तेवढीच, दोन किलोमीटरची. पण त्यांची बचत महिन्याला जेमतेम चार लिटर होते.

कारण उघड आहे. ज्याचा खर्च मोठा, त्याच्या सुधारणेचे फळही मोठे. जुन्या मोटारीतली दोन किलोमीटरची सुधारणा नव्या मोटारीतल्या तेवढ्याच सुधारणेच्या तिप्पट मोलाची आहे. लिटरला शंभर रुपये धरले, तर जुन्या मोटारीच्या मालकाचे वर्षाला सुमारे पंधरा हजार रुपये वाचतात आणि १५० लिटर पेट्रोल कमी जळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साडेतीन क्विंटलांच्या आसपास तोही वाचतो. “या डबड्यावर कशाला खर्च करता?” असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे गणित आधी मांडून पाहावे.

मात्र बचत मोजायची तर मोजमाप खरे हवे. काट्यावर विसंबून ‘पूर्वीपेक्षा बरे वाटते’ असे म्हणणे हे मोजमाप नव्हे. टाकी काठोकाठ भरावी, मोटार नेहमीच्या रस्त्याने चालवावी, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरावी, आणि लागलेले लिटर व झालेले किलोमीटर वहीत लिहावेत. अशा चार-पाच नोंदींची सरासरी काढली तरच तिला अर्थ येतो. जुन्या मोटारीतला किलोमीटर मोजणारा आकडाही दगा देतो. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी तो एकदा ताडून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी एकच दुरुस्ती करावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय साधले हे कधीच कळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला हे सांगायला नको; पण गॅरेजच्या दारात आपण सगळेच विज्ञान विसरतो.

पेट्रोल जाते कोठे?

पद्मिनी ही मुळात फियाट ११०० या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चार गिअर, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारा कार्ब्युरेटर. नव्या मोटारीत हे मिश्रण संगणक क्षणाक्षणाला तपासून ठरवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे आदर्श प्रमाण. पण कार्ब्युरेटरमधले बारीक छिद्र, ज्याला जेट म्हणतात, ते झिजले, तरंगत्या फ्लोटची पातळी वर गेली किंवा चोकची तार पूर्ण मागे गेली नाही की पेट्रोल जास्त जाते. इंजिन तरीही चालते, किंबहुना कधीकधी अधिक गुळगुळीत चालते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. प्लग काढून पाहिला आणि तो काजळीने काळा झालेला असला तर मिश्रण श्रीमंत आहे. फिकट तपकिरी असला तर ठीक. पांढुरका पडला असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि इंजिन नको इतके तापते आहे. चार पाने काढून हे पाहायला अर्धा तास पुरतो.

हवेच्या फिल्टरबाबत एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेत झालेल्या चाचण्यांत असे आढळले की, आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनात फिल्टर तुंबला तरी पेट्रोलचा खर्च फारसा वाढत नाही. कारण संगणक पेट्रोलही त्या प्रमाणात घटवतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींत मात्र तुंबलेला फिल्टर बदलल्याने दोन ते सहा टक्के फरक पडू शकतो. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या मोटारीला हे अधिकच लागू आहे.

ठिणगीची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. जुन्या मोटारीत ठिणगीची वेळ ‘पॉइंट’ ठरवतात. पॉइंटची फायबरची टाच जसजशी झिजते, तसतशी त्यांच्यातली फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पडलेली ठिणगी म्हणजे उशिरा लागलेली आग. पिस्टन खाली निघून गेल्यावर भडकलेली ज्वाला त्याला ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापवते. मालकाला एवढेच जाणवते की मोटार चढावर थोडी जड झाली आहे. तो ॲक्सिलरेटर अधिक दाबतो आणि खर्च वाढतो. ठरावीक अंतराने पॉइंटची फट फीलर गेजने तपासणे आणि ठिणगीची वेळ दिव्याने जुळवणे हे काम कष्टाचे नाही. पण ‘कानाने’ जुळवणारे मिस्त्री उदंड आणि दिवा वापरणारे विरळ, अशी स्थिती आहे.

आपल्याकडच्या एका खास सवयीचा येथे उल्लेख केला पाहिजे. मोटार तापते अशी तक्रार आली की मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतो. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ हे त्याचे ठरलेले वाक्य. वस्तुतः थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला लवकर योग्य उष्णतेवर आणणे आणि तेथे ठेवणे हे आहे. तो काढला की इंजिन थंडच राहते. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, तेल जाड राहते, घर्षण वाढते आणि चोक अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो. पहाटे शाळेत जाणाऱ्या आणि चार-पाच किलोमीटरच चालणाऱ्या मोटारीला तर कधी नीट गरमच व्हायला मिळत नाही. तापण्याचे खरे कारण बहुधा गाळाने भरलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा हे असते. ते दूर करण्याऐवजी थर्मोस्टॅट काढणे म्हणजे ताप मोजणारी नळी फेकून देऊन रोगी बरा झाला असे म्हणण्यासारखे आहे.

इंजिनाबाहेरही पेट्रोल वाया जाते. चाकांत हवा कमी असली की चारही चाकांत मिळून सरासरी एका पौंडामागे सुमारे ०.२ टक्के खर्च वाढतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे मोजमाप सांगते. आकडा लहान दिसतो. पण आठ-दहा पौंड हवा कमी ठेवून महिनोन्‌महिने फिरणारी मोटार ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. ड्रमचे ब्रेक चिकटून राहणे हा दुसरा मूक चोर. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता मोटार चालवावी आणि उतरून चारही ड्रमांजवळ हात नेऊन पाहावा. एखादा इतरांपेक्षा फार तापला असेल तर ते चाक मोटारीला मागे ओढते आहे. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरते. तेलाच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो का हे पाहणे फुकट आहे. आणि रिंगा व व्हॉल्व यांची झीज होऊन सिलिंडरातला दाबच गेला असेल, तर वरवरच्या ट्यूनिंगने काहीही साधणार नाही. म्हणून आधी दाब मोजावा, मग पैसे खर्च करावेत. हा क्रम उलटा झाल्यामुळे हजारो रुपये पाण्यात गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

चालवणाऱ्याचा हात

यंत्र कितीही नीट जुळवले तरी अखेर पेट्रोल पायाच्या अंगठ्याखालून वाहते. शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत धसमुसळेपणाने चालवल्यास १० ते ४० टक्के अधिक पेट्रोल लागते, असा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा निष्कर्ष आहे. समोर सिग्नल लाल दिसत असताना वेग वाढवायचा आणि त्याच्याजवळ जाऊन ब्रेक दाबायचा, यात पेट्रोल जाळून ब्रेकची पट्टी तापवण्यापलीकडे काही साधत नाही. नऊशे किलोंच्या आसपासचे ते वजन पुन्हा पुन्हा हलवण्यात जुन्या इंजिनाची शक्ती खर्ची पडते. वरचा गिअर वेळेवर टाकणे, क्लचवर पाय टेकून न ठेवणे आणि डिकीतले वर्षानुवर्षांचे सामान काढून टाकणे हे उपाय साधे आहेत. साधे आहेत म्हणूनच ते कोणी करत नाही.

वेगाचेही तसेच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साठचा वेग ऐंशीवर नेला की हा विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो. चौकोनी बांध्याच्या जुन्या मोटारीला हवा कापणे नव्या मोटारीपेक्षा जड जाते. इंधन बचतीसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आली आहे. तो सल्ला पद्मिनीच्या काळचा आहे आणि पद्मिनीसाठी आजही खरा आहे.

एका चुकीच्या काटकसरीविरुद्ध मात्र इशारा दिला पाहिजे. घाट उतरताना मोटार न्यूट्रलमध्ये टाकण्याची, काही वेळा इंजिनच बंद करण्याची, सवय अनेकांना असते. कार्ब्युरेटरच्या मोटारीत त्याने थोडे पेट्रोल वाचते हे खरे. परंतु इंजिनाची ओढ गेली की सारा भार ब्रेकवर येतो, आणि ड्रमचे ब्रेक सतत वापरात तापले की त्यांची पकड सुटत जाते. खंडाळ्याच्या किंवा वरंध्याच्या उतारावर दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी असा जुगार खेळणे याला काटकसर म्हणत नाहीत.

याहून मोठी काटकसर वेगळीच आहे. सर्वांत स्वस्त पडतो तो न केलेला प्रवास. थंड इंजिनाने केलेल्या दोन-दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्यांना सहा किलोमीटरच्या एका फेरीपेक्षा बरेच अधिक पेट्रोल लागते. बाजार, बँक आणि टपाल ही कामे एका खेपेत उरकणे, आणि पायी जाण्याजोग्या अंतराला पायीच जाणे, याची बरोबरी कोणतेही ट्यूनिंग करू शकत नाही. रोज वापरणे म्हणजे प्रत्येक कामाला वापरणे नव्हे.

जादूच्या वस्तू

पेट्रोल महागले की पेट्रोल वाचवणाऱ्या जादूच्या वस्तू बाजारात येतात. नळीला लावायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेला भोवरा देणारी चक्री अशी त्यांची रूपे बदलत असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक वस्तूंची चाचणी घेतली. त्यांतल्या फारच थोड्या वस्तूंनी काही फरक पडला, आणि तोही किरकोळ होता. अशी वस्तू बसवून ‘फरक पडला’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात असे नाही. वस्तू बसवल्यावर ते अधिक जपून चालवू लागतात, त्याच वेळी मिस्त्रीने प्लगही साफ केलेले असतात, आणि श्रेय चुंबकाला मिळते. महाग, अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलचेही तसेच आहे. जुन्या इंजिनातला दाब आजच्या इंजिनांच्या मानाने कमी आहे. इंजिन ठोकत नसेल तर त्या अधिक ऑक्टेनचा त्याला उपयोग नाही.

इथेनॉलचा प्रश्न

येथवर सांगितलेले सारे मालकाच्या हातातले आहे. पण पंपावर काय मिळते हे त्याच्या हातात नाही. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२२ मध्ये गाठले आणि २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी असणार, हे साध्या त्रैराशिकाने कळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींचा खर्च सहा-सात टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज दिला होता.

कार्ब्युरेटरच्या मोटारीपुढे याशिवाय दोन अडचणी आहेत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेले जेट आता ‘गरीब’ मिश्रण देते. मोटार वेग घेताना अडखळते आणि इंजिन तापते. यावर मोठे जेट बसवण्याचा सल्ला सरसकट दिला जातो. तो डोळे मिटून मानू नये. जी मोटार आधीच जास्त पेट्रोल खात होती, तिचे मिश्रण इथेनॉलमुळे योग्य प्रमाणाच्या जवळ आलेले असू शकते. आधी प्लग पाहावेत, धूर मोजावा, मगच जेटला हात लावावा. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जुन्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे व बुचाच्या पट्ट्या इथेनॉलमध्ये फुगतात किंवा ठिसूळ होतात. गळणारी नळी पेट्रोल वाया घालवते एवढेच नव्हे, तर तापलेल्या इंजिनावर ते ठिबकले तर आग लागते. जुन्या मोटारीच्या मालकाने या वर्षात एकच खर्च करायचा असेल, तर तो इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवण्याचा करावा.

इथेनॉलचे धोरणच चूक आहे असे येथे म्हणायचे नाही. खनिज तेलाची आपली गरज बहुतांशी आयातीवर भागते. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले, तेव्हा जे परावलंबन होते ते आजही संपलेले नाही. महाराष्ट्राच्या ऊस उत्पादकाच्या हाती इथेनॉलमुळे पैसा येतो, हेही नाकारता येणार नाही. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न त्याला लागूनच आहे, पण तो वेगळा विषय झाला. मुद्दा निवडीचा आहे. नीती आयोगाच्याच आराखड्यात जुन्या वाहनांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल मिळत राहावे असा विचार होता. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली; त्यामुळे न्यायालयाचा रस्ता तूर्त बंद झाला. परंतु न्यायालयाने दिले नाही ते सरकारला देता येत नाही असे थोडेच आहे? प्रत्येक पंपावर नको; जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या पंपावर असे पेट्रोल ठेवणे ही अशक्य कोटीतली मागणी नाही.

कायद्याची नजर

कायदा जुन्या मोटारीकडे दोन डोळ्यांनी पाहतो आणि दोन्ही डोळ्यांना वेगळे दिसते. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून सन्मानाने नोंदवता येते. पण मग ती रोज वापरता येत नाही. जी रोज वापरली जाते, तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार केले. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या वाहनांना पेट्रोलच द्यायचे नाही असा हुकूम अमलात आणला गेला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. या सर्व उपायांत मोटारीची जन्मतारीख विचारली जाते. तिची प्रकृती विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

येथे विरोधी बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. जुन्या मोटारीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. चार महानगरांत तो नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ पासून सक्तीचा झाला. त्यामुळे पेट्रोल कितीही वाचवले तरी किलोमीटरमागे जुनी मोटार नव्या मोटारीपेक्षा अनेकपट विषारी वायू सोडते. दाट वस्तीतल्या दम्याच्या रोग्याला ‘ही माझ्या वडिलांची मोटार’ या उत्तराने समाधान कसे मिळेल? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच जुनी मोटार बेफिकिरीने हाकण्याचा हक्क कोणाला नाही. दुसऱ्या बाजूला, नवी मोटार आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद, प्लॅस्टिक, काच आणि रबर तयार करताना कित्येक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाला थोडेच किलोमीटर चालणारी जुनी मोटार मोडून नवी घेतली, तर पेट्रोलच्या बचतीतून हे कर्ज फिटायला अनेक वर्षे लागतात. जो दिवसाला शंभर किलोमीटर फिरतो, त्याने नवी मोटार घेणे शहाणपणाचे. जो पंचवीस-तीस किलोमीटर फिरतो, त्याने असलेली मोटार नीट ठेवणे हाही तितकाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. दोघांना एकच काठी लावणे हे धोरण नव्हे.

मग मोजायचे काय? मोजण्याचे यंत्र चौकाचौकांत आहे. प्रदूषण नियंत्रणाच्या चाचणीत २००० सालापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना धुरात ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइडची सवलत आहे. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेले पेट्रोल. मालकाने विकत घेतलेले आणि सायलेन्सरमधून फुंकून दिलेले. नीट जुळवलेला कार्ब्युरेटर यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवू शकतो. म्हणजे या चाचणीच्या कागदावरचा आकडा हा पोलिसाला दाखवायचा परवाना नसून मोटारीच्या प्रकृतीचा अहवाल आहे. परंतु आपण तो कागद घडी करून खणात टाकतो. आणि नळी सायलेन्सरला न लावताच कागद देणारी केंद्रे असली तर ती मालकाला सोयीचीच वाटतात. ज्या चाचणीने हवा आणि पैसा दोन्ही वाचले असते, तिचे आपण सर्वांनी मिळून नाटक केले आहे.

तेव्हा मागण्या तीन आणि त्या फार मोठ्या नाहीत. वयावर शुल्क वाढवण्याऐवजी धुराच्या मोजलेल्या आकड्यावर ते ठरवावे. स्वच्छ मोटारीला सवलत आणि काळा धूर सोडणारीला, ती पाच वर्षांची असली तरी, दंड असावा. जुन्या वाहनांसाठी कमी इथेनॉलचे पेट्रोल निदान मोजक्या ठिकाणी ठेवावे. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कार्ब्युरेटर व पॉइंट यांचे ज्ञान अगदीच पुसून टाकू नये. ते हात गेले की उरलेल्या मोटारी अधिकच पेट्रोल खातील आणि अधिकच धूर सोडतील.

परंतु सरकारकडे बोट दाखवून मालकाची सुटका होत नाही. वही ठेवणे, हवा तपासणे, पॉइंट जुळवणे, नळ्या बदलणे आणि पाय हलका ठेवणे यांसाठी कोणत्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही. जुन्या मोटारीवर खरे प्रेम असेल तर ते तिच्या क्रोमच्या पट्ट्यांवरच्या चकाकीत दिसण्याआधी तिच्या धुरात आणि पेट्रोलच्या हिशेबात दिसले पाहिजे. तिला रस्त्यावर राहण्याचा हक्क आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो हक्क दर महिन्याच्या आकड्यांनी सिद्ध करावा. तो त्यांनी सिद्ध केला, तर जन्मतारखेवरून शिक्षा ठोठावणाऱ्या कायद्याला उत्तर द्यावेच लागेल.